कोरडी चादर

देवरामभाऊ ड्रायव्हर रोज सकाळी जीपचं इंजिन ऑइल चाखायचे. तेलाची पट्टी बाहेर ओढायची, टोकाचा थेंब दोन बोटांत चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि मग जिभेच्या शेंड्याला टेकवायचा. त्यानंतर डोळे मिटून ते इतका वेळ उभे राहत, की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मग एकदम थुंकून जाहीर करायचे, "खुश आहे."

मी तेव्हा आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पण हाताबाहेर गेलेला पेशंट न्यायचा तो चंद्रपूरलाच. मध्ये सगळं सागाचं रान. दवाखान्याची डिझेल जीप एकच आणि ड्रायव्हरही हे एकच, दवाखान्यामागच्या खोलीत एकटे राहणारे.

संध्याकाळी जीप उभी केली की तिच्याखाली ते दवाखान्यातली जुनी पांढरी चादर अंथरत. सकाळी ती ओढून काढायची आणि तिच्यावरचे डाग वाचायचे. काळा डाग इंजिनच्या तेलाचा, पिवळसर चिकट डाग ब्रेकचा, नुसता ओला वळ म्हणजे रेडिएटरचं पाणी. "रातभर काय बोल्ली ते पाहून राह्यलो," म्हणायचे. मग ती चादर दोरीवर वाळत घालायचे. वाऱ्यावर हलणारं ते डागाळलेलं पांढरं पाहून तपासायला आलेल्या बाया लांबून वळसा घालायच्या. एकदा जीपच्या चाकाशी लिंबू आणि कुंकू सापडलं. ठेवणारा आमचाच शिपाई निघाला. देवरामभाऊंनी लिंबू धुऊन सरबतात पिळलं.

माणसांनाही ते याच मापाने मोजत. समोरच्याकडे पापणी न हलवता बघत राहायचे. एकदा मी डबा खात असताना म्हणाले, "कंपाउंडरसाहेब, डोळ्यात पिवळं उतरून राह्यलं तुमच्या. लघवीचा रंग कसा आहे?" मी उखडलो. जेवताना विचारायची गोष्ट आहे ही? आठवडाभरात मला कावीळ झाली. तेव्हापासून ते माझ्याकडे पाहू लागले की मी उगाच खिडकीबाहेर बघायचो.

उन्हाळ्यात एका सकाळी चादर कोरडी ठाक निघाली. एक डाग नाही.

"वा! गाडी ठणठणीत दिसते," मी म्हटलं.

देवरामभाऊंचा चेहरा पडला होता. "रेडिएटरमंधी रोज लोटाभर पानी कमी होऊन राह्यलं, साहेब. खाली तं थेंब नाई. मंग जाते कुठी?"

भर उजेडात माझ्या मानेवर गार काहीतरी फिरलं. "कुठी?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आतच पिऊन राह्यली."

हे पाणी एक दिवस तेलात उतरेल, तेल पांढुरकं होईल आणि मग इंजिन जाम होईल, असं ते म्हणाले. आत्ताच उघडलं तर वाचेल. डॉक्टरांनी वर कळवलं. चालते आहे तोवर चालवा, असा निरोप आला. देवरामभाऊ रोज तेल चाखत आणि "अजून नाई" म्हणत. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असावं तसे आम्ही सगळे जीपजवळून जाताना हळू बोलू लागलो.

आणि एका दुपारी बाळंतपणात अडलेली बाई बैलगाडीतून आली. मूल आडवं होतं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब चंद्रपूर. देवरामभाऊंनी पट्टी ओढली. तिच्यावर दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं. या वेळी त्यांनी ते चाखलं नाही.

"पोचाल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नेतो. वापस नाई येनार."

कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मागे ती बाई आणि तिची सासू, पुढे मी. सागाची पानं गळून गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागे वळून पाहावं तर रस्ताच दिसत नव्हता, नुसता पांढरा धूर. इंजिन तापलं की देवरामभाऊ थांबायचे आणि ते बंद करायचे. मग अशी शांतता पडायची, की कण्हणं बाईचं की जीपचं, ते मला कळेना. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. ते बॉनेटवर ओलं पोतं टाकायचे, थोडं निवलं की पाणी ओतायचे आणि वाकून पुटपुटायचे, "थोडंसं, बाई. थोडंसं अजून."

"हो, भाऊ," आतून सासू सुनेच्या वतीने उत्तर द्यायची.

दिवस मावळता मावळता आम्ही चंद्रपूरच्या दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो. तेवढ्यात लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला आणि जीप आवारातच थांबली. बाईला स्ट्रेचरवरून नेलं. मीही धावत आत गेलो.

बऱ्याच वेळाने बाहेर आलो तर देवरामभाऊ तिथेच उभे होते, बॉनेटवर तळवा ठेवून.

"भाऊ, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी मान हलवली, हात काढला नाही.

"चला, चहा घेऊ."

"तुमी जा, साहेब. हे अजून गरम आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माय गेली तवा मी ड्युटीवर होतो. घरी जाऊन हात लावला तं थंडीगार झाली होती. कोनी नोहोतं तिच्यापाशी."

मीही बॉनेटवर हात ठेवला. आतून टिक, टिक असं काहीतरी वाजत होतं. ते थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे होतो.