हौदावरची अमेरिका

संध्याकाळी आळीत दिवे लागले की घरोघर ‘शुभं करोति’ सुरू होई, आणि आमचे शेजारी भिकाजीपंत ओट्यावर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, “चला, अमेरिकेत उजाडलं.”

नारायण पेठेत तेव्हा अमेरिका कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पंत मात्र पेशव्यांच्या दफ्तरात मुंबईहून येणारी बातमीपत्रं उतरवून घेत. मीही तिथलाच कारकून, पण मी नुसतं अक्षर पाहून उतरवत असे. पंत मजकूरही वाचत. घरी ते एकटेच. बायको गेलेली, एकुलता विनायक मुंबईला इंग्रज व्यापाऱ्याकडे लेखनाला. तेव्हा वाचलेलं सगळं ते आळीला ऐकवत.

समुद्रापलीकडच्या लोकांनी आपल्या इंग्रज राजाला ‘तू आमचा राजा नव्हेस’ असं कळवून लढाई मांडली, हे वाचल्यापासून पुण्यात काहीही घडलं तरी पंत त्याचं मूळ तिकडे शोधू लागले. साखर महागली, तिकडे लढाई. इंग्रजांचा वकील पालखीतून उतरताना हसला नाही, म्हणजे तिकडे हरले. “तिकडे खुट्ट झालं की मुंबईकर इंग्रज इकडे बेत बदलतो, बरं का.” यात तथ्य असेलही. पण माझ्या पडशाचं खापरही त्यांनी तिकडच्या लढाईवर फोडलं, तेव्हा मी हात जोडले.

समोरच्या जोशीबुवांनी एकदा विचारलं, “राजाच नाही, तर हुकूम कोणाचा?”

“लोक कौल देतात. ज्या बाजूला जास्त, ती बाजू खरी.”

“म्हणजे पोरखेळच.”

“असेल. आपला राजा साताऱ्यात, पेशवे पाळण्यात, आणि कारभार बारा भावांकडे. आपण मोठे पोक्त.”

जोशीबुवा इकडेतिकडे पाहत घरात गेले आणि त्यांनी कडी लावून घेतली. हे बोलणं कोतवालाच्या कानी गेलं नाही, ही गजाननाची कृपा.

आमच्या आळीच्या हौदात कात्रजचं पाणी येई. कोणी कधी भरायचं ते आबाजीबुवा ठरवत, कारण त्याआधी त्यांचे वडील ठरवत. पंतांनी एक दिवस त्यांना गाठलं. “बुवा, त्या इंग्रज राजाचीही हीच सबब होती.” आबाजीबुवा भडकतील असं आम्हाला वाटलं. पण भल्या पहाटे उठून लोकांची भांडणं सोडवायचा त्यांनाही कंटाळा आला असावा. “घ्या कौल,” ते म्हणाले.

पहिला कौल सुपाऱ्यांवर झाला. हो म्हणायचं तर घागरीत अख्खी सुपारी टाकायची, नाही म्हणायचं तर खांड. पंतांनी दोन्ही तबकात घालून तबक फिरवलं, आणि तिथेच चुकलं. चार माणसं जमली आणि तबक पुढे आलं की आमच्याकडे हात आपसूक तोंडाकडे जातो. घागर उलटी केली तर आत काही नाही. आळीने आपला कौल चघळून टाकला होता. पंत कपाळाला हात लावून म्हणाले, “तिकडे असं होत नसेल.” पुढच्या खेपेपासून होकाराला चिंचोका आणि नकाराला खडा आला.

मग आमच्या मंडळींनी मला घरात ऐकवलं, “पाणी आम्ही भरायचं आणि कौल तुम्ही द्यायचा? छान आहे तुमची अमेरिका.” मी ते पंतांच्या कानावर घातलं. ते विचारात पडले. “तिकडे बायका देत असतील,” ते म्हणाले.

“असतील म्हणजे?”

“देतातच.” त्या दिवसापासून आमच्या हौदावर बायकाही कौल देऊ लागल्या. भांडणं कमी झाली असं म्हणवत नाही, पण ती संपू लागली.

एके दिवशी मुंबईच्या पत्रात बातमी आली, की तिकडे तह झाला, इंग्रज राजाने नाद सोडला. पंत आता पेढे वाटणार, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ते उतरल्या चेहऱ्याने हौदावर आले आणि घागर मधोमध ठेवून म्हणाले, “आजचा सवाल माझा आहे. आमचा विनायक मुंबईत नाही. धन्याबरोबर जहाजावर चढला, तो लढाईमुळे तिकडेच अडकला. आता जहाजं सुटतील. तो आला, तर शास्त्रीबुवा सांगतील ते प्रायश्चित्त घेईल. पण या हौदावर त्याला पाणी भरू द्यायचं का, ते आपण सांगा. शास्त्री शुद्ध करतील, पाणी आळीच देणार.”

समुद्र ओलांडलेल्याला तेव्हा सख्खे भाऊही पंगतीत घेत नसत. मला आत्ता उलगडलं. इतकी वर्षं हा माणूस त्या पत्रांत आपलं पोर शोधत होता.

कौल सुरू झाला. पंतांनी स्वतः काही टाकलं नाही. बायका पदर सावरून एकेक करत पुढे झाल्या. शेवटी आबाजीबुवांनी घागर पालथी केली. चिंचोक्यांचा ढीग पडला, आणि त्यात थोडे खडे.

“यातला एक माझा,” आबाजीबुवा खडे वेचत म्हणाले. “मला हे पटलेलं नाही, पंत. उद्याही पटणार नाही. पण कौल झाला. पोर आलं की त्याची पहिली घागर मी भरून देईन.” मग त्यांनी विचारलं, “हरलेल्याने असंच करायचं असतं ना तिकडे?”

तिकडच्या कुठल्याही गोष्टीवर पंतांचं उत्तर तयार असे. ते हौदाच्या काठावर बसले आणि उपरण्याने डोळे पुसत राहिले.

“मला काय ठाऊक, बुवा,” ते म्हणाले. “विनायक येईल, त्याला विचारू.”