शुक्रवारची टोपली

पाचही कोंबड्यांनी बर्फावर पाय ठेवायला ठाम नकार दिला, तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि देवदत्तला आठला कारखान्यात मीटिंग होती.

"अगं बायांनो, निघा की आता!" तो मराठीत म्हणाला. जर्मनमधून विनवून झालं होतं. गेर्डा नावाची थोराड कोंबडी खुराड्याच्या दारात उभी राहून त्याच्याकडे टक लावून बघत होती. आधी बर्फ काढ, मग विचार करते, असा एकूण भाव. देवदत्तनं मुकाट्यानं फावडं उचललं. वाट मोकळी केली, तिच्यावर पेंढा पसरला, पाण्याच्या भांड्यातला बर्फाचा गोळा आपटून काढला, घरातून कोमट पाणी आणलं आणि शेवटी, थंडी बाधू नये म्हणून, पाचही जणींच्या तुऱ्यांना व्हॅसलीन चोळलं.

"लग्नाला चौदा वर्षं झाली," वरच्या खिडकीतून ऊर्मिला म्हणाली, "माझ्या हातांना कधी क्रीम लावलं नाहीस रे."

बरं, कोंबड्या याच्या असत्या तर एक वेळ समजलं असतं. त्या होत्या खालच्या मजल्यावरच्या केसलरांच्या, म्हणजे घरमालकांच्या. केसलर शहात्तर वर्षांचे, एकटे. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ते चार आठवडे रेहाला, म्हणजे व्यायामाच्या दवाखान्यात, गेले होते. जाताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, "कोंबड्यांना दाणा-पाणी तेवढं बघा. अंड्यांचं राहू द्या, त्याची काळजी करू नका." आणि दुसरी, "माझ्या भाच्याला, मार्कुसला, वरचं घर हवंय. तुम्हाला आयगेनबेडार्फची नोटीस द्यावी लागेल की काय, बघतो. आल्यावर बोलू."

आयगेनबेडार्फ म्हणजे मालकाला आपल्या माणसासाठी घर हवं असणं. हा शब्द ऐकला की भाडेकरूची झोप उडते. जर्मनीतल्या या नेकारसुल्म गावात हे घर मिळायला अकरा महिने लागले होते आणि निधीची शाळा चार पावलांवर होती. तेव्हा देवदत्तनं ठरवलं, कोंबड्या अशा सांभाळायच्या की नोटिशीचं नाव काढायला म्हाताऱ्याची जीभच रेटू नये. आणि 'अंड्यांचं राहू द्या' हे त्यानं मनावर घेतलंच नाही. आपल्याकडे पाहुणा 'चहा राहू द्या' म्हणाला म्हणून कोणी चहा राहू देतं का?

पहिल्या शुक्रवारी केसलरांची धाकटी बहीण, मार्कुसची आई, रोझविटाबाई दारात हजर. हातात टोपली, टोपलीत घरचा सफरचंदाचा केक. "केक तुम्हाला," त्या म्हणाल्या, "आणि अंडी मला. दर शुक्रवारी नेते मी."

खुराड्यात अंडं शून्य. एक आठवडाभर शून्यच होतं.

"संध्याकाळी आणून देतो," देवदत्त म्हणाला आणि दार लावून घेतलं. "आई, आता काय करायचं? टोपली तशीच देऊन सांगू का, की नाही झाली अंडी?"

साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेली त्याची आई अंड्याला हात लावत नव्हती. पण हा प्रश्न तिच्या मते अंड्याचा नव्हताच. "रिकामी टोपली परत द्यायची? त्या बाईनं केक आणलाय! शोभतं का आपल्याला?"

"अहो आई, चकल्या घालू का?" ऊर्मिलानं विचारलं.

"तिला अंडी हवीत. अंडीच घाला. आणि भरून घाला, दोन-चार काय द्यायची!"

मग देवदत्त सुपरमार्केटातून दहा तपकिरी अंडी घेऊन आला. ती टोपलीत रचत असताना निधीनं एक उचलून बघितलं. बारा वर्षांची ही मुलगी मराठी सगळं समजायची, बोलायची मात्र जर्मन. "पापा, दा इस्ट या आयन श्टेंपल!" ती म्हणाली. आणि खरंच की! प्रत्येक अंड्यावर लाल आकड्यांचा शिक्का. घरच्या अंड्याला शिक्का कोण मारणार?

ऊर्मिलानं साबण लावला, ब्रश घासला. शिक्का हलेना. "देवाची पितळी भांडी कशानं निघतात?" आई म्हणाली. "लिंबू आणा." लिंबाच्या फोडीनं शिक्का निघाला. दहा अंडी पुसायला चाळीस मिनिटं लागली. वरून निधीनं एका अंड्याला पीस चिकटवलं आणि "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोब्बर!', म्हणून हात झटकले.

इथं संपलं असतं तर गोष्ट काय होती? पण रोझविटाबाई दहा अंडी बघून दारातच थबकल्या. "दहा? ह्या बर्फात? माझा भाऊ मोठ्या मुश्किलीनं चार देतो!"

पुढच्या शुक्रवारी त्या दोन टोपल्या घेऊन आल्या, कारण त्यांच्या मैत्रिणीलाही ही अंडी हवी होती. तिसऱ्या शुक्रवारी तीन. तिन्ही टोपल्यांत काही ना काही खाऊ होता, म्हणजे आईच्या हिशेबानं तिन्ही भरून देणं आलं. बर्फ पडतच होता. पहाटे फावडं, दुपारी पाणी, आणि गुरुवारी ऑफिसातून आल्यावर तीस अंडी आणि लिंबं. देवदत्तच्या बोटांना भेगा पडल्या आणि भेगांत लिंबू झोंबत होतं. मीटिंगमध्ये त्याला दोनदा डुलकी लागली. एका शनिवारी कुक्कुटपालन मंडळाचे अध्यक्ष वही घेऊन आले आणि कोंबड्यांना काय खायला घालता म्हणून विचारू लागले. आईनं त्यांना डिंकाचा लाडू दिला. तो पाहुणा म्हणून खायला दिला होता, पण त्यांनी कोंबड्यांचा खुराक समजून कृती लिहून घेतली.

मग रेहातून केसलरांचा फोन आला. "रोझविटा म्हणते, तीस अंडी?"

"हो," देवदत्त क्षीणपणे म्हणाला.

केसलर म्हणाले, "मी शुक्रवारी घरी येतोय. आल्यावर बोलू."

'आल्यावर बोलू' हे शब्द त्यानं तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा ऐकले. म्हाताऱ्याला फसवल्याचं कळलं, आता नोटीस नक्की.

शुक्रवारी केसलर कुबड्या टेकत आले ते थेट खुराड्याशी गेले. गेर्डाला त्यांनी कोटात घेतलं, तिचा तुरा निरखून बघितला. मग देवदत्तला आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

"शिक्का कशानं काढलात?"

देवदत्तनं भेगाळलेले हात मागे लपवले. "लिं... लिंबानं."

"लिंबानं!" केसलरांनी टेबलावर थाप मारली. "तीन वर्षं मी व्हिनेगर वापरतोय. घरभर वास!"

देवदत्त खुर्ची ओढून बसला.

"ही गेर्डा नऊ वर्षांची आहे," केसलर हळू आवाजात म्हणाले. "बाकीच्या आठच्या. तीन वर्षांत एकीनंही अंडं घातलेलं नाही. ह्या माझ्या बायकोच्या, हिल्डेच्या कोंबड्या. हिल्डे गेली तेव्हा रोझविटा म्हणाली, अंडी देतात तोवर ठेव, नाहीतर सूप कर. हिल्डेच्या कोंबड्यांचं सूप! म्हणून मी आठवड्याला चार विकत आणतो. चार, शेजारीबुवा! आणि तुम्ही तीसवर नेऊन ठेवलंत!"

"माफ करा," देवदत्त म्हणाला. "आमच्याकडे टोपली रिकामी परत देत नाहीत."

"मग आता भरा. कमी झाली तर रोझविटा विचारणार. ह्या गुडघ्यानं तीस अंडी वाहून आणणं मला व्हायचं नाही."

"आणि मार्कुस?"

"मार्कुस बघेल दुसरीकडे. तुम्ही इथून हलायचं नाही. ह्या कोंबड्या आहेत तोवर घर तुमचं."

घर वाचलं! देवदत्तला हसावं की रडावं कळेना. उठता उठता त्यानं विचारलं, "कोंबड्या साधारण किती वर्षं जगतात?"

"हल्ली फार थकल्या होत्या, मला वाटलं हा हिवाळा काढत नाहीत," केसलर कौतुकानं म्हणाले. "पण तुम्ही अशी सेवा केलीत की आता बारा वर्षांच्या नक्की होणार."

बाहेर परत बर्फ सुरू झाला होता. फाटकाशी रोझविटाबाईंची गाडी थांबली आणि त्यांनी डिकीतून एकेक करून चार टोपल्या काढल्या. देवदत्त जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.

"ऊर्मिला," त्यानं वर हाक मारली, "घरात लिंबं आहेत का गं?"