डब्यांवरची नावं

खांदा कॉलनीत आपल्याला ओळखत नाही असा एक माणूस दाखवा, असं अविनाश सामंत छातीठोकपणे सांगायचे. त्यामुळे पोलंडची मार्टा नावाची विद्यार्थिनी तीन आठवडे त्यांच्याकडे राहायला आली आणि मला इथल्या वस्तीची ओळख करून घ्यायचीय म्हणाली, तेव्हा सामंतांना स्फुरणच चढलं. वस्तीची ओळख? ती तर घरातच बसलीय!

पहिल्याच संध्याकाळी ते तिला फिरवायला निघाले. ही बँक, हे गार्डन, ही डेअरी. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमननं "कोणाकडे जायचंय?" म्हणून फाटकातच अडवलं, तेव्हा सामंत म्हणाले, नवीन दिसतोय. तो नऊ वर्षं तिथेच होता. पुढचे फेरफटके ऑफिसच्या कामामुळे राहून गेले.

मार्टा मात्र स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. पुण्यात दोन महिने शिकून आल्यामुळे तिला देवनागरी वाचता यायचं, आणि सामंतांच्या मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांवर कोरलेली नावं तिनं वाचली होती. एकावरही सामंतांचं नाव नव्हतं. शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे सामंतांच्या बायकोनं, रुचिरानं, तिला एकदा सहज सांगितलं होतं. मार्टानं आपल्या परीनं अर्थ लावला: या भल्या माणसांकडून परत द्यायचं राहून गेलंय.

शुक्रवारी सामंत ऑफिसातून आले तर मांडणी रिकामी! रवा, डाळ, साखर, सगळ्याचे वर्तमानपत्रांवर ढीग. मार्टा मोठ्या आनंदानं सांगायला लागली की तिनं अकरा डब्यांत सफरचंदाचा केक भरला आणि अकराही डबे ज्याचे त्याला पोचवले. दारावरच्या पाट्या वाचत आणि वॉचमनना विचारत सहा गल्ल्या पालथ्या घातल्या.

आता त्यातले तीन डबे खरंच शेजाऱ्यांचे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या परेशचा तर चार वर्षं पडून होता. बाकीचे सामंतांच्या लग्नातले आहेर! त्यांवर देणाऱ्यांची नावं होती. डोंबिवलीच्या चंद्रावतीआत्याचा डबा मार्टानं तिसऱ्या गल्लीतल्या कुणा चंद्रावतीबाईंना दिला होता आणि त्यांनी तो एक प्रश्न न विचारता ठेवून घेतला होता. वर हिला चहा पाजून सगळ्या नातवंडांची ओळख करून दिली होती. खरं सांगायचं तर सामंतांना पोरीचं कौतुकच वाटलं. कॉलनीतल्या सतरा वर्षांत त्यांनी जेवढ्या बेल वाजवल्या नव्हत्या, तेवढ्या तिनं एका दुपारी वाजवल्या होत्या.

"आणि खाली काशीरामकाका," मार्टा म्हणाली. "ते केक सोडून नुसता डबा बघत बसले."

सामंतांनी खांद्यावरची बॅग तशीच खाली ठेवली.

तळमजल्यावरचा काशीराम नाखवा म्हणजे उरणचा कोळी, तळोज्याच्या कंपनीतला त्यांचा वीस वर्षांचा जोडीदार. त्याच्या घरचे बोंबील खात सामंतांनी कित्येक पाळ्या काढल्या होत्या. पुढे सामंत सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनी नोटीस लावली: गॅलरीत मासे वाळवू नयेत. गॅलरीत मासे वाळवणारा अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस होता. तेव्हापासून बोलणं बंद. चूक आपली आहे हे सामंतांना पक्कं ठाऊक होतं, पण तीन मजले उतरून तसं सांगायला पाय उचलत नव्हता. आणि आता त्यानं दिलेला लग्नाचा आहेर परत! म्हणजे उरलंसुरलं नातंही आपणच तोडलं.

ते तसेच अनवाणी खाली धावले. दार काशीरामनंच उघडलं. हातात तोच डबा.

"काशा, त्या पोरीला माहीत नव्हतं रे," सामंत म्हणाले, आणि मग एकदाचं तोंडातून बाहेर पडलं, "मला माहीत होतं. नोटीस लावली तेव्हाच माझी चूक झाली."

"केक गोड हाय," काशीराम म्हणाला. "पन डबा आमी नाय ठेवनार. तो तुज्या लग्नाचा हाय."

त्यानं डबा हातात दिला. चांगला जड लागला. आत सुके बोंबील, अगदी काठोकाठ. रिकामा कसा देणार! सामंतांचे डोळे भरून आले. वर जाताना त्यांनी बोर्डावरची नोटीस काढून खिशात घातली.

दुसऱ्या मजल्यावर परेशनं गाठलं. बोंबलांचा वास येतोय, सेक्रेटरींची नोटीस आहे ना, अशी त्याची तक्रार. सामंतांनी झाकण उघडून दाखवलं. परेशची तक्रार तिथेच संपली. त्या आनंदाच्या भरात डबाच त्याच्या हातात देत सामंत म्हणाले, घे यातले थोडे, डबा सावकाश पाठव.

मार्टा परत गेली. आता कॉलनीत लोक सामंतांना थांबवून विचारतात, तुम्ही मार्टाकडचे ना? काशीराम रोज संध्याकाळी गप्पांना बसतो आणि मधूनच विचारतो, आपला डबा कुठं हाय? वर आहे, असं सामंत सांगतात. ते खोटं नाही. फक्त कितव्या मजल्यावर, ते सांगत नाहीत.