टायरचं जावळ

आमच्या आईने पुन्हा डर्टबाईक चालवायचं ठरवलं, ही बाब सुरुवातीला निव्वळ कौटुंबिक स्वरूपाची होती. ती सार्वजनिक हिताची कशी झाली, याचा हा अहवाल. तो मी लिहिते आहे, कारण या प्रकरणात स्वतःचं मत नसलेली मी एकटीच उरले होते. तेसुद्धा पहिले काही दिवसच.

पार्श्वभूमी अशी. आई दातांची डॉक्टर आहे. पण त्याही आधी ती डर्टबाईक चालवायची, म्हणजे जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जायला बनवलेली ती उंच, हाडकुळी मोटरसायकल. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. खाणीत पाणी साचून राड झाली की वर्षातून एकदा तिथे चिखलफेरी निघते. एका वर्षी आईची चिखलफेरी हुकली, कारण मी पोटात होते. पुढच्या वर्षी माझे दात येत होते. मग माझ्या कांजिण्या, माझी शाळा, माझा मोडलेला हात. आई गाडीवर का बसली नाही याची कारणं सांगायची झाली तर माझं संपूर्ण चरित्रच सांगावं लागेल.

यंदा मी उंचीत आईला मागे टाकलं. त्याच संध्याकाळी ती माळ्यावर चढली, जुने बूट खाली काढले, त्यांतलं झुरळ झटकलं आणि म्हणाली, "गुडघे अजून माझं ऐकतायत. ऐकेनासे व्हायच्या आत मला चिखलफेरी करायची आहे."

"छान," बाबा म्हणाले. "पण टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?"

बाबा विमा कंपनीत आहेत. कुठलीही वस्तू दिसली की ती मोडल्यावर कशी दिसेल, हे त्यांना आधी दिसतं. डर्टबाईकवर ते आयुष्यात बसलेले नाहीत. पण हा प्रश्न विचारायला बसावं लागत नाही, हे मला पुढे कळलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टू-स्ट्रोक हलकी, चिडकी आणि धूर सोडणारी असते. मूठ पिळली की डोक्यात राख घालून सुटते. फोर-स्ट्रोक वजनदार आणि समंजस. ओढते छान, पण आडवी झाली तर उचलायला शेजारीपाजारी बोलवावे लागतात. आई म्हणाली, "दोन्हींवर एकेक चक्कर मारते, म्हणजे कळेल." या प्रकरणातला समजूतदारपणा इथेच संपतो.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने आईला आपादमस्तक न्याहाळलं.

"पूर्वी चालवायचात? मग आधी मंडळाचा सल्ला घ्या. परतलेल्या स्वाराला आम्ही परस्पर गाडी देत नाही. मागे एकाला दिली, तर त्याने ती चालवली."

"मग?" आईने विचारलं.

"मग काय! तो चिखलाने माखून मजेत हिंडला, आणि दुसऱ्या गटाने आमच्याकडून ऑइल घेणं बंद केलं. मला धंदा करायचाय, बाई."

मंडळ म्हणजे डर्टबाईक स्वारांचं मंडळ. एका लाँड्रीच्या वर त्यांचा हॉल आहे. हॉलला दोन दारं आहेत. डावीकडून टू-स्ट्रोकवाले येतात, उजवीकडून फोर-स्ट्रोकवाले. मधल्या भिंतीवर टांगलेल्या घड्याळात किती वाजलेत, यावरही एकमत नाही. अध्यक्ष मात्र तटस्थ. ते खिडकीतून येत असावेत अशी माझी समजूत होती, पण ते सर्वांच्या आधी येऊन बसतात.

अध्यक्षांचा एक गाल सुजलेला होता. ते आईचेच पेशंट निघाले. त्यांची दाढ किडलेली होती आणि ती काढायची की वाचवायची, यावर त्यांनी मंडळाच्या सभासदांकडून मतं मागवली होती. चर्चा अजून पूर्ण झाली नव्हती. दाढ दुखत होती, पण प्रक्रिया पार पडत होती.

"परतीच्या स्वारांसाठी आपल्याकडे दोन चाचणी-गाड्या आहेत," गाल धरून ते म्हणाले. हॉलच्या मागच्या टोकाला एक टू-स्ट्रोक आणि एक फोर-स्ट्रोक शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि एकाच साखळीने एकमेकींना बांधलेल्या होत्या. कुलपाची किल्ली अध्यक्षांच्या गळ्यात होती. "कुठल्याही गटावर अन्याय नको म्हणून."

"बसून बघू?" आईने विचारलं.

"अवश्य. आधी गट सांगा."

"बसले की कळेल ना कुठला ते."

"गट सांगितल्याशिवाय बसता येत नाही, मॅडम. नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि चालवून बघून ठरवेल!"

डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी माना हलल्या. हे त्यांचं पहिलं एकमत असावं.

मग रोजचा कार्यक्रम झाला. दोन्ही गाड्या स्टँडवर उभ्या ठेवूनच सुरू करण्यात आल्या, साखळीसकट. डावी बाजू डोळे मिटून टू-स्ट्रोकचा तडतडाट ऐकू लागली आणि उजवी बाजू फोर-स्ट्रोकचा घुमारा. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भक्तीचं होतं की धुराचं, हे त्या हॉलमध्ये कुणी विचारत नाही. आई तेवढ्यात वाकून चाकं बघत होती. नव्या टायरवर रबराचे बारीक बारीक केस असतात. गाडी पहिल्यांदा मातीत गेली की ते झडतात.

"अगं बाई," आई म्हणाली, "यांचं तर अजून जावळ आहे."

"अतिशय जपून ठेवल्यात," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले.

आईने गट सांगितला नाही, त्यामुळे एक उपसमिती नेमण्यात आली. तिच्यावर माझ्या मामाची वर्णी लागली. डर्टबाईकवरचे सगळे व्हिडिओ मामाने पाहिलेले आहेत, शिवाय तो ते दुप्पट वेगाने पाहतो, म्हणजे त्याचा अनुभव दुप्पट.

"ताई, तू काळजी करू नकोस," मामा म्हणाला. "आम्ही तुझं मूल्यमापन घरीच करू. गाडीविना."

"गाडीविना कसं?"

"गाडी आली की स्वार भावनेच्या आहारी जातो."

उपसमिती रविवारी आमच्या हॉलमध्ये आली. आईला सोफ्याच्या हातावर बसवण्यात आलं. हँडल म्हणून झाडूची दांडी. ती दोन्ही टोकांना धरून मी समोर उभी. म्हणजे मी गाडीचा पुढचा भाग होते, आणि मला बोलायची परवानगी नव्हती. खड्ड्यांसाठी दोन सभासद सोफा हलवत होते. चिखलाचा अनुभव यावा म्हणून एक काकू झाडांवर पाणी मारायच्या बाटलीने आईच्या तोंडावर फवारे मारत होत्या. मामा तोंडाने टू-स्ट्रोकचा आवाज काढत होता, बाबा फोर-स्ट्रोकचा.

"वळण! डावीकडे झुक, ताई! रँऽऽ रँऽऽ रँऽऽ!"

"सावकाश घे गं! डुग डुग डुग डुग, नी-कॅप घातलीस का? डुग डुग..."

एवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा लालबुंद होऊन उभे होते.

"काय चाललंय काय हे? माणसाने दुपारी पडायचं की नाही?"

"माफ करा, आजोबा," मी म्हटलं.

"माफ कसलं करा! टू-स्ट्रोकचा आवाज असा असतो होय? सरक बाजूला." आणि त्यांनी मामाला हटवून त्याची जागा घेतली.

उपसमितीचा निष्कर्ष असा आला: स्वार सोफ्यावर समाधानकारक; परंतु सोफा मुळात फोर-स्ट्रोक प्रवृत्तीचा असल्यामुळे चाचणी पक्षपाती; सबब, पुन्हा चाचणी, या वेळी स्टुलावर.

आता गोष्ट षट्कर्णी झाली. आईच्या दवाखान्यात पेशंट आ करून, तोंडात कापसाचे बोळे घेऊन पडलेले असत आणि तरीही हात वर करून चार बोटं दाखवत. शेजारी थांबलेला नातेवाईक लगेच दोन दाखवी. एका गृहस्थाने तर भूल दिल्यावर जीभ जड होता होता "वजन... वजनाचा विचार करा..." असं म्हटलं. आमच्या वर्गात मी मोठ्या तोंडाने सांगून बसले होते की माझी आई चिखलफेरीत उतरणार. आधी सगळ्यांनी मला थापाडी ठरवलं. मग अर्धा वर्ग टू झाला, अर्धा फोर झाला, आणि आई खरंच उतरणार का, हा प्रश्न मागे पडला. विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर दोन्ही इंजिनं काढली आणि कुठलं श्रेष्ठ ते मात्र शिक्षकांच्या खोलीत गेल्यावर सांगितलं. तिथून कप फुटल्याचा आवाज आला.

आणि एके संध्याकाळी जेवताना मी स्वतःच म्हणाले, "आई, तुझ्या मनगटांचा विचार करता मला वाटतं की..."

आईने घास खाली ठेवला. "ठमे," ती म्हणाली, "तू पण?"

एवढंच. पण ती नंतर बूट उचलून पुन्हा माळ्याकडे बघत उभी राहिली. मी ते बूट तिच्या हातातून घेतले आणि पुसून दाराशी ठेवले. मत वगैरे गिळून टाकलं. कडू होतं.

चिखलफेरीचा दिवस उजाडला. खाणीत चिखल काय सुंदर झाला होता! तपकिरी, लुसलुशीत, मध्ये मध्ये डबकी, पलीकडे सरळसोट चढ. मंडळाने त्या चिखलावर ताडपत्री अंथरली होती, कार्यक्रमात चिखल नको म्हणून. तिच्यावर खुर्च्या, खुर्च्यांपुढे व्यासपीठ, आणि व्यासपीठाशेजारी टेम्पोतून आणलेल्या, धुऊनपुसून लखलखीत केलेल्या, साखळीने बांधलेल्या त्या दोन गाड्या.

"फेरी कधी सुरू होणार?" मी एका काकांना विचारलं.

"फेरी? फेरी वेळेअभावी होत नाही गं बाळ, कितीतरी वर्षांत झाली नाही. परिसंवाद असतो."

आई बूट घालून, हेल्मेट काखेत धरून पहिल्या रांगेत बसली होती. माझा वर्ग मागे दगडांवर चढून बघत होता. अध्यक्ष उठले. गाल आता दुधी भोपळ्याएवढा झाला होता.

"डॉक्टर मॅडमचा गट अद्याप निश्चित न झाल्यामुळे," ते कण्हत म्हणाले, "त्यांच्या स्वारीचा विषय पुढील वर्षीच्या..."

आई उठली. तरातरा व्यासपीठावर चढली.

"दुखतंय?"

"फार हो."

"आ करा."

"इथे?"

"आ!"

जगात अनेक सत्ता आहेत. पण दातांच्या डॉक्टरने "आ" म्हटल्यावर तोंड बंद ठेवू शकेल असा अध्यक्ष अजून जन्माला यायचाय. त्यांनी आ केला.

"अजून मोठा. मान मागे. शाब्बास." आईने मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं, आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या गळ्यातली किल्ली अलगद काढून घेतली. "मी येईपर्यंत बंद करायचं नाही."

ती खाली उतरली. कुलूप उघडलं. साखळी खळ्ळकन पडली. सचिव धावत व्यासपीठावर गेले. "अध्यक्ष महाराज! मॅडमना अडवायचं का?"

"आँऽऽ," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्षांची संमती आहे," सचिवांनी जाहीर केलं, आणि सगळे हताश होऊन बसले. कार्यपद्धतीपुढे कुणाचं चालतं?

गाडी सुरू झाली, आणि या वेळी ती जागची हललीसुद्धा! लोक दचकले. ताडपत्री संपली तिथे मागच्या चाकाने चिखलाचं कारंजं उडवलं, ते थेट परिसंवादाच्या बॅनरवर. आई पायांवर उभी राहिली, कोपरं बाहेर, डबक्यातून आरपार, चढावर... आणि वळणावर धपकन आडवी! बाबा किंचाळले. मामा "मी म्हणालो होतो" म्हणाला; काय म्हणाला होता ते सांगेना. आईने गाडी एकटीने उचलली, लाथ मारून सुरू केली, चढ चढली, आणि माथ्यावरून जी उडी घेतली ना! दोन्ही चाकं हवेत! दगडांवरून माझा अख्खा वर्ग ओरडला. त्यात मी सगळ्यात मोठ्याने.

ती परतली, पहिली गाडी टेकवून दुसरीवर बसली, आणि पुन्हा गेली.

अध्यक्षांचा आ तोवर उघडाच होता.

आई परत आली तेव्हा तिचे फक्त डोळे आणि दात दिसत होते. सगळे तिच्याभोवती जमले, डावे आणि उजवे एकत्र. "कोणती? मॅडम, कोणती?"

आईने तोंडावरचा चिखल निपटला, अध्यक्षांकडे बघितलं आणि म्हणाली, "काढावी लागेल. उद्या दवाखान्यात या, आणि कुणाला विचारू नका."

मंडळाने नंतर निषेधाचा ठराव केला. त्या दोन गाड्यांचं जावळ गेल्यामुळे त्यांचं पावित्र्य राहिलं नाही. आता नव्या गाड्या आणायच्या आहेत. कोणत्या कंपनीच्या, यावर उपसमिती बसली आहे. मामा आहेच.

आईने स्वतःसाठी कोणती घेतली, ते मला माहीत आहे. ती आत्ता खाली उभी आहे, चाकाच्या नक्षीत चिखल भरून. पण मी सांगणार नाही. कारण मघापासून बघते आहे, तुमचंही मत पक्कं झालंय; वाचता वाचता बोटं वर झाली आहेत, कुणाची दोन, कुणाची चार. असू द्या. खाणीत अजून चिखल आहे, आणि ताडपत्री आम्ही काढून टाकली आहे. वाद घालायला जरूर या.

फक्त निघण्यापूर्वी एकदा स्वतःच्या टायरवरून हात फिरवून बघा. जावळ लागतंय का?