समुद्रातून डोंगरकड्याला मिस कॉल

मोबाईल कसा वापरायचा हे मला कुणी शिकवू नये! मी आजवर बोलण्यासाठी फोन केलेलाच नाही. बोलायचं तर माणूस समोर आल्यावर बोलता येतं. फोन असतो तो रिंग द्यायला. एक रिंग म्हणजे 'पोचले', दोन म्हणजे 'न्यायला या', तीन म्हणजे 'पाहुणे घेऊन येतेय, भात वाढवा'. आमच्या घरात हा कायदा आहे आणि त्याचं पहिलं कलम असं की गोजरबाईचा, म्हणजे माझा, फोन उचलायचा नाही, फक्त रिंगा मोजायच्या! माझी धाकटी जाऊ रूपाबाई हिनं एकदा चुकून उचलला, तर मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

"आजी, आता फोनवर बोलणं फुकट असतं गं," असं माझी नात पुनम म्हणते. असेल. पण फुकट आहे म्हणून माणसानं किती बोलावं?

आमची मोटरसुद्धा माझ्याच हाताखाली आहे. डोंगरकड्याला आमचं घर शेतातच, आखाड्यावर. पुढे केळी, मागे विहीर. माझ्या लेकानं, पुनमच्या बापानं, ग्यानोबानं, विहिरीच्या मोटरला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. त्याच्या नंबरला मिस कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद. तो बसला त्या दिवशी मी म्हटलं, "चला! या घरात माझं ऐकणारं एक तरी आलं!"

पुनमकडे मुंबईला गेले तेव्हा तिच्या खोलीतल्या पोरींसमोर मी पलंगावर बसून डोंगरकड्याच्या केळीला पाणी सोडलं आणि बंदही केलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मुंबईला जायचं निमित्त जहाजाचं होतं. पुनमला ऑफिसनं बक्षीस म्हणून जहाजाची सहल दिली, मुंबई ते गोवा आणि परत, दोघांची. तिनं दुसरं माणूस म्हणून मला निवडलं. आमच्या ह्यांना, व्यंकटरावांना, मी म्हटलं, "तुमी बी चला की, आपल्या पैशानं." तर म्हणाले, "मी आलो तर केळी कोण बघल?" जशी काही केळी ह्यांच्यावाचून रडत बसणार होती! घराच्या वाटेवर फुटलेली पाइपलाइन जोडायची महिनाभर राहिली होती, ती काही ह्यांना दिसत नव्हती.

मला गाडीत बसवताना ग्यानोबा खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "आई, एक काम हाय. औंढ्याचे पाहुणे रविवारी जेवायला येऊन राहिले."

"पुनमला सांगून आलेल्या स्वप्निलच्या घरचे?"

"व्हय. त्याची माय, पद्माबाई, लय कडक. म्हणली, हो का न्हाई ते त्याच दिवशी सांगा. न्हाईतर आमी तिथूनच पुसेगावला जातो, तिथली बी पोरगी सांगून आली."

"मंग पुनमला विचार की!"

"पोरगा तिला मुंबईत दोनदा भेटला, पण ती काही बोलूनच न्हाई राहिली. मला तिला घाईत पाडायचं न्हाई. पाहुण्यांचं काही सांगू नको तिला. फकस्त तिच्या मनात काय हाय ते काढ अन् मला कळव. हो असंल तर एक रिंग, न्हाई असंल तर दोन."

"अन् उचलायचा न्हाई!"

"आजपोतर उचलला का?" तो म्हणाला.

या कामाचं मोल मला नीट ठाऊक होतं. माझ्या लग्नाचा होकार घेऊन माझे मामा सायकलवर निघाले होते. वाटेत सायकल पंक्चर झाली, मामा एका ओळखीच्या घरी जेवायला थांबले आणि जेवून झोपले. दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याला पोचले तेव्हा व्यंकटराव नवा फेटा बांधून दुसरी मुलगी बघायला बैलगाडीत बसत होते! मामांनी बैलाचा कासरा धरला म्हणून मी आज या घरात आहे. तेव्हा होकार वेळेवर पोचणं म्हणजे काय, हे मला विचारा!

जहाज कसलं, आख्खी हिंगोली बाजारपेठेसकट पाण्यावर तरंगत होती! वर पोहण्याचा हौद. समुद्रात असताना हौद कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. चढल्या चढल्या पुनमनं माझा मोबाईल घेतला, त्यावरचं विमानाचं चित्र दाबलं आणि म्हणाली, "आता परत उतरेपर्यंत हा असाच ठेवायचा. समुद्रातलं नेटवर्क लय महाग असतं, आजी."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

रविवारी दुपारी आम्ही परतीच्या वाटेवर कठड्याला टेकून उभ्या होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "स्वप्निल कसा वाटला गं?"

तिनं वाऱ्यानं उडणारे केस मागे सारले. मग म्हणाली, "चांगला आहे. पण आजी, सगळे म्हणतात मुलगा साधा आहे, मदतीला धावून जाणारा आहे. लग्नाआधी सगळेच तसे असतात ना?"

"तुझे आजोबा लग्नाआधी बी तसे नव्हते, त्यामुळं मला फसल्यासारखं कधी वाटलं न्हाई!"

ती पोट धरून हसली आणि हसता हसता म्हणाली, "हो म्हण बाबांना. उतरल्यावर सांग."

उतरल्यावर! तिकडे पाहुण्यांची जेवणं उरकत आली असतील, पद्माबाई पदर खोचून उठत असतील! मी म्हटलं, "मी जरा पाय मोकळे करून येते." चष्मा आणायला खोलीत जायलाही वेळ नव्हता. मोबाईल कमरेला होताच.

विमानाचं चित्र पुसलं. जहाजावर विमानाचं काय काम? पण नेटवर्कची एक काडी येईना. मी एक जिना चढले, दुसरा चढले. पार वरच्या गच्चीवर, हौदाच्या कडेला, कुंकू लावताना आरसा धरावा तसा मोबाईल समोर धरून फिरत होते. तेवढ्यात किनाऱ्याच्या बाजूला एक काडी उगवली! मी नेहमीसारखा सगळ्यात वरचा नंबर दाबला, एक रिंग ऐकली आणि कट केला. पोचला पुनमचा होकार!

पण पोचला का? काडी तर लगेच गेली होती. रिंग माझ्या कानात वाजली, पण डोंगरकड्याला वाजली का? पुन्हा द्यावी, तर पहिली पोचली असल्यास दोन होणार, म्हणजे 'नाही'! न द्यावी, तर पद्माबाई पुसेगावला! माझी अवस्था विहिरीत एक पाय आणि बांधावर एक पाय अशी झाली.

शेजारच्या खुर्चीवर टोपी घातलेले एक गृहस्थ ऊन खात पडले होते. बोलण्यावरून आपल्याकडचेच निघाले. प्रेमसिंग, सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरचे, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मुलाबरोबर आले होते. मी सगळी अडचण सांगितली.

"अक्का, तुमचं उलटंच हाय," ते उठून बसले. "एक बेल म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला. एका बेलवर गाडी हालत न्हाई!"

"अहो, ही एसटी न्हाई, सोयरीक हाय!"

"सोयरीक बी दोघांनी चालवायचीच गाडी हाय की!"

"तुमी मला घोळात नका पाडू. एक पोचली का न्हाई ते कसं कळावं?"

त्यांनी विचार केला. "असं करा, घटकाभर थांबून एकच द्या. दोन बेलात लय वेळ गेला तर ड्रायव्हर त्या वेगळ्या धरतो."

हे मला पटलं! तीस वर्षं घंटी वाजवलेला माणूस. घटकाभरानं काडी आली, मी एक रिंग दिली. काडी गेली. पुन्हा शंका! पुन्हा घटकाभर, पुन्हा एक. "आता तरी समजंल त्यांना," प्रेमसिंग म्हणाले आणि त्यांनी मला पोह्याचा चिवडा दिला. मी निर्धास्त झाले. मोहीम फत्ते!

संध्याकाळी किनारा जवळ आला तसा मोबाईल स्वतःहून वाजायला लागला. ग्यानोबा! कायदा मोडून फोन! आमच्या घरात फोन उचलायचा म्हणजे कुणीतरी गेलंच असणार. मी उचलला.

"आई! मोटर तू चालू करून राहिली का?"

"मी? मी तर समुद्रात हाय!"

"मंग भानामती झाली बघ! पाहुणे जेवून बसले. तुझी रिंग न्हाई, काही न्हाई. मी मोबाईल हातात धरून बसलो, जसा काही कोंबडीखाली अंडं! पद्माबाई म्हणल्या, निघतो आमी. उठल्या, बघतात तर काय, वाटंवर ढोपरभर पाणी! मोटर चालू, पाइप फुटलेला, अन् त्यांची नवी गाडी काळ्या मातीत दरवाजापोतर रुतली!"

मी म्हटलं, "मंग?"

"मंग स्वप्निलनं पांढरे बूट काढले, पँट वर केली, गेला पाण्यात. मोटर बंद केली. आमी गाडी ढकलून राहिलो, तर मोटर आपोआप चालू! तो पुन्हा गेला, बंद केली. जरा वेळानं पुन्हा चालू! रूपाकाकीनं तर मोटरीपुढं नारळ फोडला, हळदी-कुंकू वाहिलं. शेवटी त्या पोरानं फ्यूजच काढून खिशात घातला."

मी चष्म्यासाठी खोलीकडे धावले. चष्मा लावला, मोबाईल बघितला. मी लावलेल्या नंबरांत सगळ्यात वर, मुंबईत टाळ्या मिळवलेला तो नंबर: 'ग्यानोबा मोटर'. त्याच्याखाली बिचारा 'ग्यानोबा'.

"आई, आहेस का? अगं पुनमचं काय? पाहुणे आता कुठं जाऊ न्हाई शकत. बाबांची धोतरं नेसून बसलेत. पण मी त्यांना सांगू काय?"

"हो म्हणली!" मी ओरडले. "दुपारीच हो म्हणली! मी तीनदा कळवलं!"

"कुणाला?"

"मोटरीला," मी म्हटलं. ग्यानोबानं ते तिकडं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. तिकडून आधी ह्यांचं खोकणं ऐकू आलं, मग हसणं. लग्नानंतर इतकं हसताना मी ह्यांना बघितलं नव्हतं, ऐकलंही फोनवरच.

मग फोन पद्माबाईंनी घेतला. मी देवाचं नाव घेतलं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "होकार पोचला बरं. तीन इंची पायपातून पोचला! माझी पैठणी लोळली त्याच्यात!"

"तकलीफ झाली तुमाला..."

"तकलीफ कसली! घरात पाण्याचा गिलास न उचलणारं माझं पोरगं आज तीनदा चिखलात उतरलं. त्याला इतकं काम करताना मी पहिल्यांदा बघितलं! नारळ तर फुटलाच हाय, आता सुपारी बी फोडून टाका म्हणते मी."

पुनम मागे उभी राहून सगळं ऐकत होती. मला वाटलं चिडेल. ती फक्त एवढंच म्हणाली, "तीनदा उतरला?" आणि लाजून दुसरीकडे बघायला लागली. लाजली कुणामुळं म्हणावं, तर माझ्या मोटरीमुळं!

लग्न झालं. पहिली पत्रिका नागनाथाला ठेवली, दुसरी ग्यानोबानं स्टार्टरच्या पेटीवर चिकटवली. म्हणाला, सगळ्यांच्या आधी हिलाच कळलं होतं. व्यंकटरावांनी अखेर पाइपलाइन जोडली. आणि घरात नवा कायदा झाला: गोजरबाईचा फोन पहिल्या रिंगला उचलायचा, मग हातात काही का असेना.

परवा पुनमकडे आले होते. सुखरूप पोचले हे कळवायला घरी फोन लावला. कुणी उचलेचना. मला राग आला. नवा कायदा करून दोन महिने झाले नाहीत आणि लगेच विसरले! मग चष्मा लावून बघितलं.

गुपचूप आणखी एक मिस कॉल दिला, बंद करायला. तेवढं आमच्या घरी कुणी सांगू नका.