खपली काढायचा दिवस

पुंजाजीभाऊ कुणाकडेही गेले की चहा पिण्याआधी चहाचं पातेलं बघायला मागतात. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तेव्हा मुलगी बाहेर पाटावर बसलेली आणि हे आत पातेल्याच्या बुडावरच्या पांढऱ्या थराला नख लावून बघत होते. बाहेर येऊन म्हणाले, "पोरगी चांगली हाय. पाणी लय जड हाय." लग्न झालं. त्या गावच्या पाण्याला मात्र त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

वडनेर भोलजीच्या पुढे ज्या तेलगिरणीत मी स्टोअर सांभाळतो, तिथला बॉयलर ते चालवतात. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं. ते रोज उकळून वाफ काढायची, म्हणजे आतल्या नळ्यांवर पांढरी खपली धरते. ती जाड झाली की जळण वाढतं आणि एखादी नळी तापून फुटूही शकते. म्हणून हंगामाच्या आधी बॉयलर बंद ठेवायचा आणि ॲसिडच्या पाण्याने खपली विरघळवायची. आम्ही म्हणतो 'तो बॉयलर'. पुंजाजीभाऊ म्हणतात 'बाई'.

त्यांचा एक शब्द ठरलेला, "निवू द्या." चहा निवू द्या, भांडण निवू द्या. दोन हमाल एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर हे मधे उभे राहून तेवढंच म्हणत राहिले. शेवटी दोघंही कंटाळले आणि पोती उचलायला गेले.

यंदा नवे मॅनेजर आले. तरुण, हुशार, घाईचे. सकाळी बॉयलर बंद केला आणि जेमतेम दुपार झाली होती, तेवढ्यात म्हणाले, "टाका ॲसिड. उद्या आग पेटवायची आहे."

पुंजाजीभाऊंनी बॉयलरवर तळहात टेकवला. "साहेब, बाईच्या अंगात ताप हाय अजून. गरम लोखंडावर ॲसिड गेलं की खपलीसंगं ते लोखंडबी खाते. वरून त्याचा धूर उठते. तो कोणाच्या छातीत जाईन, तुमच्या का माह्या?"

"मी सांगतोय ना!"

"काऊन घाई करता? निवू द्या."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या." असं म्हणून भाऊ ॲसिडच्या कॅनवर बसले, डबा उघडला आणि भाकर खाऊ लागले. मॅनेजरांना तो कॅन हवा होता, पण त्यावर साठ वर्षांचा माणूस ठेचा खात बसला होता. ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलर माठासारखा गार होता. वाफेच्या वाटा बंद केल्या, वरच्या तोटीला नळी लावून तिचं तोंड छपराबाहेर काढलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. भाऊंनी रबरी हातमोजे, चष्मा, गमबूट चढवले. मला पाठ करून घेतल्यासारखं विचारलं, "आधी काय?"

"पाणी. मग त्यात ॲसिड, हळूहळू."

"आन उलटं केलं तं?"

"उसळून तोंडावर येईल."

"हाव."

ॲसिड आत गेलं, तेव्हा मॅनेजर आले. ओठात पेटती सिगारेट. आठ पावलांवर होते तोवर भाऊ हातमोजा काढून पुढे धावले, ती त्यांच्या ओठांतून काढली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली. "साहेब, आत जो गॅस होते, तो ठिणगीची वाट पाहून राह्यला. बसा तिकडं, झाडाखाली." मॅनेजर रिकामे ओठ पुसत खरंच झाडाखाली जाऊन बसले.

मग नुसतं थांबायचं. एरवी धडधडणारी गिरणी त्या दिवशी गप्प होती. छपराच्या भोकांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते आणि सावकाश सरकत होते. सरकीचा वास हवेत तरंगत होता. मधूनमधून भाऊ बाटलीत आतलं पाणी काढायचे, त्यात जुन्या खपलीचा तुकडा टाकायचे. फसफसला, म्हणजे ॲसिडात अजून दम आहे. मला पेंग येत होती.

"कान लावा," भाऊ म्हणाले.

मी लोखंडाला कान लावला. आत कुठेतरी खोल बुडबुडे फुटत होते. लांबच्या शेतात ज्वारीची पानं सळसळावीत तसे.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी हातमोजे काढले, हात धुतले आणि फोन घेऊन नळीपासून दूर, बॉयलरच्या मागच्या अंगाला गेले. फोन कानाला लावलाच नाही. फोन लोखंडाला टेकवून उभे राहिले.

बराच वेळ झाला, तेव्हा मी मागे गेलो.

"घरची हाय," ते हळूच म्हणाले. "देऊळगाव राजाले, पोरीजवळ. दोन वर्षं झाले, अर्धं अंग गेलं. बोलणं बंद. आमचं लगन झालं तवा गिरणीच्या त्या मागच्या खोलीत राह्यत होतो आम्ही. खपली काढायच्या दिवशी गिरणी बंद राह्ये, तं ती भाकर घेऊन इथं यायची आन भिंतीले कान लावून बसायची. म्हणे, आत कोनी गाऊन राह्यलं." त्यांनी हात बदलला. "पोरगी सांगते, हे ऐकलं का तिचा चेहरा हलते."

दुसरा हातही भरून आला. मी फोन त्यांच्याकडून घेतला आणि लोखंडाला टेकवला. भाऊ भिंतीला टेकून खाली बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे मिटले. फोनमधून एक श्वास ऐकू येत होता, संथ, लांब. बुडबुडे विरळ होत गेले, तरी मी फोन तसाच धरून उभा राहिलो.