पहिला नंबर, जागच्या जागी

आमच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांनी गाडी घेतली ती आईच्या गुडघ्यांसाठी. म्हातारीला इस्पितळात न्यायला-आणायला सोय व्हावी, असा उदात्त हेतू होता. पुढे गाडीत सुधारणा सुरू झाल्या आणि हेतू मागच्या सीटवर गेला. मग मागची सीटही गेली. तिथे स्पीकर बसले.

गॅरेजवाला कलावंत होता. "डॉक्टर, गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसली पाहिजे," तो म्हणाला. त्यानुसार गाडी खाली घेण्यात आली. आता तिला फाटकासमोरचा गतिरोधक ओलांडता येईना. गतिरोधक हटवण्याची डॉक्टरांची मागणी सोसायटीने मुलांच्या सुरक्षिततेचं कारण देऊन फेटाळली. तेव्हापासून डॉक्टर बसने दवाखान्यात जाऊ लागले आणि गाडी घरी राहू लागली.

"चालत नाही तर ठेवलीय कशाला?" बायकोने विचारलं.

"अगं, चालणाऱ्या गाड्या काय, सगळ्यांकडेच असतात."

मॉडिफाय केलेल्या गाड्यांची स्पर्धा होती, त्याच सकाळी आई न्हाणीघरात घसरली. गुडघा बघता बघता टम्म सुजला.

"अहो, गाडी काढा!" बायको ओरडली.

डॉक्टर धावत खाली गेले आणि तसेच धावत वर आले. "पुढच्या सीटवर पाय दुमडून बसावं लागतं," ते कळवळून म्हणाले. "आणि आत्ताच पॉलिश झालंय गं."

"मग खाली तो ट्रक उभा आहे ना?"

"त्यात गाडी स्पर्धेला जायचीय."

शेवटी शेजारच्या इमारतीत गाद्या पोचवायला आलेल्या टेम्पोवाल्याने आईला दोन गाद्यांवर निजवलं आणि सुनेसकट इस्पितळात नेलं. जाताना आई कण्हत म्हणाली, "या गाडीत बरं वाटतंय हो." डॉक्टरांच्या मनाला ते लागलं.

स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं, "मागच्या वर्षभरात किती चालली?"

"अजिबात नाही."

"घरी काही अडचण, आजारपण?"

"आज सकाळीच आई पडली. तरी काढली नाही."

परीक्षकांचे डोळे पाणावले. निकालात त्यांनी नमूद केलं की, सदर वाहनाने वाहतुकीच्या क्षुद्र उपयोगितेवर संपूर्ण विजय मिळवला आहे. पहिला नंबर!

संध्याकाळी डॉक्टर करंडक घेऊन इस्पितळात गेले. सोसायटीची मंडळी आधीच जमली होती आणि आईच्या खाटेच्या कडेला टेकून मोबाइलवर गाडीचे फोटो बघत होती.

"डॉक्टर, इमारतीचं नाव काढलंत!" सेक्रेटरी म्हणाले. "तो गतिरोधक उद्याच फोडून टाकू."

"माझा एक्स-रे पाहिलास का रे?" आईने विचारलं.

"पाहू गं. आधी हा फोटो बघ, बाजूने काढलेला."

टेम्पोवाला बाहेर तसाच ताटकळत होता; त्याला कुणी पाणीही विचारलं नाही. पण आम्हाला कशाला नावं ठेवता? म्हातारी पुन्हा चालू लागली का, हे तरी तुम्ही कुठे विचारताय? मघापासून तुमच्या मनात एकच प्रश्न घोळतोय: गाडीचा रंग कोणता होता?